काटा किती, रस्ता कुठला

महामार्ग 53 गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडला लागून जातो. जुनी माणसं अजून त्याला ‘सहा नंबर’च म्हणतात. केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरीवर कारला ताशी 100 आणि मालट्रकला 80 किलोमीटरची मुभा आहे. तेच महामार्ग सोडून साध्या रस्त्याला लागलं की 70 आणि 60. हा आकडा गाडी चालवणाऱ्यांना बहुधा ठाऊक असतो. पकडल्यावर तोच पुढे करतात : “साहेब, साठच्या वर नव्हतोच.”

*

मोटार वाहन कायद्याचं कलम 183 म्हणजे निव्वळ काट्याचा हिशेब. मर्यादा ओलांडली की हलक्या वाहनाला 1000 ते 2000 रुपये दंड, जड वाहनाला 2000 ते 4000. एकट्या साक्षीदाराला ‘जोरात वाटली’ एवढ्यावर इथे शिक्षा होत नाही. त्याच्या अंदाजामागे यंत्राची नोंद लागते.

कलम 184 मध्ये आकडाच नाही. तिथे विचारतात की जागा कशी होती, रस्त्याची अवस्था काय होती, त्या वेळी रहदारी किती होती. शिवाय किती असेल, असं शहाण्या माणसाने गृहीत धरायला हवं होतं? पहिल्याच गुन्ह्याला 6 महिने ते 1 वर्ष कैद, किंवा 1000 ते 5000 दंड, किंवा दोन्ही. म्हणजे साठच्या आत राहूनही माणूस 184 मध्ये सापडू शकतो.

*

‘गृहीत धरायला हवं होतं’ हे शब्द आमच्याकडे दिवाळीनंतर फार जड होतात. गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, रात्री झाडीपट्टीचं नाटक. पहाटे नाटक सुटलं की एका दुचाकीवर तिघं, सायकली, पायी चाललेल्या बाया, कडेवर झोपलेली पोरं, सगळं एकदम रस्त्यावर. अंगावर काळी शाल, त्यामुळे हेडलाइटमध्ये माणूस अगदी जवळ येईस्तोवर दिसत नाही. त्याच दिवसांत धानाच्या पोत्यांनी भरलेले ट्रॅक्टर, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. (ही चूक ट्रॅक्टरवाल्याचीच, पण ती दरवर्षीची आहे.) कुठे डांबरावरच धान वाळत घातलेलं. परप्रांतीय ट्रकवाल्याला हे ठाऊक नसेल, असं एकवेळ मानू. साकोली-अर्जुनी भागात रोज गाडी हाकणाऱ्याने ‘मला काय माहीत’ म्हणू नये.

*

काळीपिवळीत बसलेली म्हातारी. पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरलेला, पदर दातात. “भाऊ, जरा हळू घ्या ना.” भाऊ आरशात बघून हसतो आणि गाणं वाढवतो. अपघात झालेला नाही, कोणाला खरचटलेलंही नाही. तरी 184 मध्ये गाडीत बसलेल्यांना, रस्त्यावरच्यांना किंवा कडेला उभ्या असलेल्यांना भीती वाटेल असं चालवणंही येतं. म्हातारीची भीती कायद्याच्या हिशेबात आहे. ती सांगायला ठाण्यात कोण जाणार, हा प्रश्न वेगळा.

*

ऑगस्ट 2023. गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात कारच्या धडकेने वाघ गेला. फरपटत झाडीत जाणाऱ्या त्या वाघाचा व्हिडिओ घरोघरी पोचला. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पातल्या प्राण्यांचा हा येण्याजाण्याचा पट्टा, फलकही आहेत. जागेचं स्वरूप बघा, असं कायदा म्हणतो ते याहून स्पष्ट कसं असणार?

त्याच रस्त्यावर 29 नोव्हेंबर 2024 ला डव्वा-खजरीजवळ भंडाऱ्याहून गोंदियाला निघालेली शिवशाही उलटली. 11 जण गेले. समोर आलेल्या दुचाकीला वाचवताना बस उलटल्याच्या बातम्या होत्या. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवील. मात्र वळणावर अचानक दुचाकी येऊ शकते, हे इथल्या रस्त्याचं रोजचं वास्तव आहे.

*

माणूस दगावला की 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 106, पूर्वीच्या दंड संहितेचं 304-अ. कैद 2 वर्षांवरून 5 वर्षांपर्यंत गेली. कोणी मेलं नाही तरी बेदरकारपणासाठी 281 आहेच, जुनं 279. फिर्यादीतलं ठरलेलं वाक्य मात्र बदललं नाही : ‘रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, भरधाव वेगात’. पोलीस सवयीने लिहितात, पण सगळा मुद्दा पहिल्या अर्ध्यात आहे. पुढे तपास होतो तो दुसऱ्या अर्ध्याचा.

सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या खटल्यात हेच पकडलं. ट्रक उलटून माणसं गेली होती. साक्षीदार म्हणाले, ट्रक जोरात होता. जोरात म्हणजे किती, हे कोणी सांगितलं नाही. तेवढ्यावर बेदरकारपणा सिद्ध होत नाही, असं म्हणून न्यायालयाने चालकाची सुटका कायम ठेवली. म्हणून पंचनाम्यात वळण, डांबराची रुंदी, ब्रेकचे वण, उजेड, जवळची वस्ती आणि त्या रात्री गावात मंडई होती का, हे लिहिलेलं असावं.

*

मोटार वाहन कायद्याच्या 183 मध्येच एक पोटकलम आहे, त्याची चर्चा होत नाही. इतक्या वाजता पोचलाच पाहिजेस, असं मालकाने बजावलं आणि वेगमर्यादा पाळून ते शक्यच नसेल, तर तो हुकूमच मालकाविरुद्ध सकृद्दर्शनी पुरावा ठरतो. रायपूरहून नागपूरला माल नेणाऱ्याच्या मोबाइलवर असे हुकूम सापडतील. ते उघडून बघायची तसदी तपासात क्वचितच कोणी घेतं.