गोठ्याकडचे दार

कुडपण हे पोलादपूर तालुक्यातील, सह्याद्रीच्या माथ्याजवळचे गाव. पावसाळ्यात ‘भीमाची काठी’ पाहण्यासाठी शहरातून माणसे येतात, धुक्यात छायाचित्रे काढतात आणि अंधार पडण्यापूर्वी घाट उतरून जातात. मागे उरतात ती बहुधा वयस्क माणसे. महाड-पोलादपूरच्या या डोंगरपट्ट्यातील तरुणांनी पोटासाठी मुंबई गाठण्याची रीत गिरण्यांच्या काळापासून चालत आली आहे. गणपतीला आणि शिमग्याला घरे भरतात. एरवी एका घरात एखादी आजी, आणि घराला लागून गोठा.

अशा घरात पहाट घड्याळाने होत नाही, गाय हंबरते म्हणून होते. शेण काढायचे, पाणी दाखवायचे, वैरण टाकायची. गुडघा दुखतो म्हणून आजी पडून राहिली, तर गाय तिला पडून राहू देत नाही. मुंबईचा मुलगा दर वर्षी म्हणतो, “आये, चल आता आमच्याकडे.” आणि आजी दर वर्षी तेच विचारते, “गायीचं काय करू?” मुलाला ती सबब वाटते. पण या प्रश्नात एका वृद्ध स्त्रीचे सारे आयुष्य सामावलेले असते. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत तिला सर्व काही मिळेल. फक्त तिच्यावाचून कोणाचे काही अडणार नाही.

व्यापारी कुटुंबांना हे दुःख परके नाही. पेढीच्या किल्ल्या मुलाच्या हाती गेल्या, हिशेब संगणकावर चढले, आणि चाळीस वर्षे गादीवर बसलेले वडील आता सकाळी मंदिरात जाऊन येतात व दिवसभर वर्तमानपत्राच्या घड्या घालतात. त्यांची औषधे वेळेवर दिली जातात. पण त्यांनी वेळेवर कोणाला काही द्यावे, असे मात्र काही उरलेले नसते.

प्राण्यांच्या सोबतीचा आरोग्याशी संबंध असतो, हे वैद्यकाने प्रथम जरा नवलानेच पाहिले. एरिका फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 साली हृदयविकाराच्या 92 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या घरी पाळीव प्राणी होता अशा 53 जणांपैकी वर्षभरात 3 दगावले. प्राणी नसलेल्या 39 जणांपैकी 11. संख्या लहान आहे, आणि मुळात धडधाकट माणसेच प्राणी पाळत असतील ही शंकाही रास्त आहे. म्हणूनच 2013 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने जपून शब्द वापरले: प्राणी, विशेषतः कुत्रा पाळल्याने हृदयविकाराचा धोका कमी होत असावा. कुत्र्याला फिरवण्याच्या निमित्ताने मालकाचीही पावले पडतात, हे त्यामागचे एक साधे कारण.

या विषयावरील सर्वांत बोलके उदाहरण मात्र आपल्याच महाराष्ट्रातले आहे. अमेरिकेतील शल्यचिकित्सक अतुल गावंडे यांचे आजोबा, सीताराम गावंडे, यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे शेतकरी. शंभरी ओलांडल्यावरही ते रोज रात्री घोड्यावर बसून शेताला फेरी मारत. शरीर थकले तेव्हा घरच्यांनी त्यांना घोडा सोडायला लावला नाही. त्यांनी लहान चणीचा घोडा आणला आणि सोबत माणूस दिला. अतुल गावंडे यांनी 2014 च्या आपल्या पुस्तकात ही हकिकत नोंदवली आहे. आजोबा जवळजवळ एकशे दहा वर्षे जगले. आयुष्य घोड्यामुळे वाढले असे कोणी म्हणू नये. पण शंभरीतही त्यांची रात्रीची फेरी आणि घरातले वजन टिकले, हे खरे. पडतील या भीतीने घोडा विकून टाकणे किती सोपे होते!

गावंडे यांनीच न्यूयॉर्क राज्यातील न्यू बर्लिन येथील वृद्धाश्रमाची कथा सांगितली आहे. डॉ. बिल थॉमस यांनी 1991 मध्ये तेथे दोन कुत्रे, चार मांजरे आणि शंभर पक्षी आणले. न बोलणारी माणसे बोलू लागली, अंथरुणाला खिळलेले कुत्र्याला फिरवायला मागू लागले, औषधांची गरज घटली. त्या शंभर पक्ष्यांपाशी मात्र जैन मन अडखळते. विवाहाच्या वाटेवर कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून परत फिरलेले नेमिनाथ ज्यांचे आराध्य, त्यांनी स्वतःच्या विरंगुळ्यासाठी पिंजरा टांगावा काय? अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार येथे चांगली कसोटी ठरतात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा तर 1972 च्या वन्यजीव कायद्यानेही गुन्हा आहे. मांजर स्वभावतःच मांसाहारी. शाकाहारी घरात तिला दूधभातावर ठेवणे हा नकळत अन्नपाननिरोधच होतो. कुत्र्याचे तसे नाही. पशुवैद्याच्या सल्ल्याने समतोल शाकाहारावर तो नीट राहू शकतो. कबुतरांना दाणे घालण्यात कित्येक वृद्धांचा जीव रमतो, पण विष्ठेची धूळ थकलेल्या फुप्फुसांना बाधते, तेव्हा हा आनंद गॅलरीत आणू नये हे बरे.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. अमेरिकेतील सरकारी पाहणीनुसार 2001 ते 2006 या काळात कुत्र्या-मांजरांमुळे पडून जखमी होणाऱ्यांची संख्या दर वर्षी सुमारे 86,000 होती. पायात घोटाळणारे अवखळ पिलू सत्तरीच्या माणसाला भेट देणे म्हणजे प्रेमाने दिलेले फ्रॅक्चर. त्यापेक्षा मोठ्या वयाचा, शांत स्वभावाचा, निराधार कुत्रा घरी आणावा. त्यात जीवदयाही आहे.

कुडपणच्या आजीपुढचा प्रश्न याहून कठीण. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळिये दरडीखाली गेले, पोलादपूरच्या वाड्यांवरही घाला पडला. तेव्हापासून पावसाळ्यात वृद्धांना डोंगरावर एकटे ठेवायला मुले धजत नाहीत, आणि त्यांचे चुकते असे नाही. पण घर हलवताना गाय हा सामानातला अडचणीचा नग मानला जातो आणि घाईने बाजार दाखवला जातो. उटीच्या शेतकऱ्यांनी केले तसे येथे करता येईल. दुभती म्हैस झेपत नसेल तर कोकण कपिला गाय चणीने लहान, डोंगराला सरावलेली आहे. 2018 मध्ये तिची स्वतंत्र वंश म्हणून नोंदही झाली. वैरण आणायला शेजारचा मुलगा मोबदला देऊन ठरवता येतो. आणि स्थलांतर अटळच असेल तर गाय कोठे जाणार हे आजीला आधी दाखवावे, मग तिचे गाठोडे बांधावे.

मुंबईत 1834 साली जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभा राहिला. तेव्हापासून जैन पेढ्यांनी अशा संस्थांना सढळ हाताने दिले आहे. त्या दानात एक सोय वाढवता येईल: ज्या वृद्धाने जनावर सोपवले, त्याला वर्षातून दोनदा ते भेटवण्याची. महाड-पोलादपूरच्या बाजारपेठेतून डोंगरातल्या आज्या मीठ-मिरची नेतात, उधारीचे हिशेब तोंडपाठ असतात. कोणाच्या गोठ्यात काय आहे आणि कोणाचा मुलगा न्यायला येणार आहे, हेही दुकानदाराला सर्वांत आधी कळते.