पंप घेणारा धावपटू

दम्याचा पंप लागणाऱ्या पोरानं मैदानाचा नाद सोडावा, असं मी बरीच वर्षं मानत आलो. आमच्या लांजीत हे मत सहज मुरतं. छाती कच्ची आहे, पंपाची सवय लागेल, हेच घराघरांत ऐकू येतं. त्यात 2016 साली नॉर्वेचा स्कीपटू मार्टिन सुंडबी साल्ब्युटामॉल हे दम्याचं औषध मर्यादेपेक्षा जास्त घेतल्याबद्दल दोन महिने निलंबित झाला, ‘टूर दे स्की’चं विजेतेपदही गेलं. माझा संशय पक्का झाला.

तो फिटला फिनलंडच्या जलतरणपटूंमुळे. हेलेनियस आणि सहकाऱ्यांनी 42 अव्वल पोहणाऱ्यांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं आणि 2002 मध्ये निष्कर्ष छापले. ज्यांनी स्पर्धा सोडल्या त्यांच्या श्वासनलिकांची सूज उतरली. पोहत राहिलेल्यांची उतरली नाही. छाती जन्मानंच कच्ची असती, तर सराव थांबल्यावर ती सावरली कशी असती?

सरावानं श्वासनलिकांचं काय होतं, ते स्कीपटूंत नीट दिसतं. बसल्या जागी आपण मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो. शर्यतीतला स्कीपटू दीडशेच्या वर जातो. एवढी हवा नाकाला झेपत नाही, तोंडानंच ओढावी लागते. मग थंड, कोरडी हवा ऊबदार आणि ओलसर करायचं काम श्वासनलिकांवर पडतं. त्यांचं अस्तर सुकतं, सोलवटतं, सुजतं. भोवतीचे स्नायू आवळतात. हे वर्षानुवर्षं चालतं, म्हणूनच स्कीपटूंत दमा इतरांपेक्षा कितीतरी जास्त. ती मेहनतीची दुखापत आहे, धावपटूच्या गुडघ्यासारखी. ठरलेल्या मात्रेत घेतलेल्या पंपानं निरोगी माणूस वेगवान होत नाही; आवळलेली नळी तेवढी मोकळी होते. सुंडबीनं मात्रा ओलांडली हे खरंच, पण त्याचा दमा खोटा नव्हता.

आमच्याकडे बर्फ नाही. पण डिसेंबरच्या पहाटे फौजेच्या भरतीची पोरं 1600 मीटर पळतात तेव्हा धुकं असतं, शेकोट्यांचा धूर असतो, धानाच्या मळणीची धूळ असते. पळताना पोरगा ठीक दिसतो. थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी गुडघ्यांवर हात टेकून वाकतो, कोरडा खोकला सुटतो, छातीत बारीक शिट्टी वाजते. फौजेच्या वैद्यकीय तपासणीत दमा निघाला की नाकारतात, म्हणून पोरं ते लपवतात. पोरींचं तर घरचेच लपवतात, लग्न अडेल म्हणून. ही भीती मला कळते आणि तिच्यावर माझ्याकडे सोपा उपाय नाही. पण लपवून पळणं जिवावर बेतू शकतं.

तेव्हा शिट्टी ऐकू आली तर बालाघाटला किंवा गोंदियाला छातीच्या डॉक्टरांना दाखवा. पळण्याआधी आणि पळून झाल्यावर फुंकायची तपासणी करून घ्या. दर खोकला दमा नसतो, तेही त्यातच कळेल. मित्राचा पंप ओढू नका. आणि डॉक्टरांनी पंप दिलाच, तर तो चारचौघांत घ्यायला लाजू नका.