उरलेली भूक

ड्युरोमीटर न लावता, नुसत्या अंगठ्याने दाबून मी रबराचा शोअर कडकपणा सांगायचो. शेजारी दोन माणसं बघत असली तर जरा जास्तच सावकाश. आता अंगठ्याचा सांधा धरतो, आणि हाताखाली आलेली पोरगी कशाचंच कौतुक करत नाही. आम्ही तेलविहिरीचे पॅकर तपासतो: पाइपवर चढवलेलं रबर तेलात फुगून विहिरीच्या भिंतीला टेकतं आणि मधली फट बंद करतं. तिने गरम डिझेलमधून काढलेला नमुना सरळ आडवा कापला. बाहेरचा थर चकचकीत, नख रुतेल इतका मऊ. पाइपालगतचं रबर मात्र कोरडं, कडक, होतं तसंच.

"सर, हे आत पोचलंच नाही."

कसं पोचणार? तेल बाहेरून झिरपतं. जाडी दुप्पट केली की वेळ साधारण चौपट. हे मला पाठ होतं, पण कापून बघावंसं कधी वाटलं नव्हतं.

माझा खरा छळ निराळाच. रबर जितकं फुगतं तितकं मऊ पडतं. साडेपाच इंची पाइपवर आठ इंची पॅकर घ्या. विहिरीचं होल खरोखर साडेआठ इंची असेल, तर रबराचं आकारमान पाव पट वाढलं की ते भिंतीला टेकतं. भिंत ढासळून, म्हणजे वॉशआउटने, तेच साडेनऊ झालं, की जवळजवळ पाऊण पट वाढ लागते. आमचं ईपीडीएम रबर तेवढं फुगेलही, पण मग भिंतीवर रेटायला जोर कुठून आणणार? फ्लोरी आणि रेनरने 1943 मध्ये हिशेब मांडून ठेवलाय: तेल रबराच्या साखळ्यांना ताणतं, साखळ्या मागे ओढतात, कुठेतरी दोघांचं जमतं. ते जमायच्या आत भिंत लागली पाहिजे. सील धरतं ते रबराच्या उरलेल्या भुकेवर.

हायड्रॉलिक पॅकरवाले आम्हाला हसतात. प्रेशर दिलं, पिन तुटली, काम झालं; आम्ही मात्र दिवसेंदिवस वाट बघतो. हसोत बापडे, वेड्यावाकड्या होलमध्ये त्यांचं काय होतं ते मी पाहिलंय. पाण्यावर फुगणाऱ्या जातीवर मात्र माझाही जीव नाही. पाणी खारट असलं की ती अंग चोरते, आणि ओमानच्या काही फिल्डांतलं पाणी समुद्राच्या कितीतरी पट खारट. विकणारे आलेख दाखवतात तो सौम्य ब्राइनचा.

पुढच्या चाचणीला पोरीने भिंतीच्या जागी गोल केसिंग नको म्हटलं. अंडाकृती, एका अंगाने खरवडलेला पाइप मागितलाय. चांगला पाइप मुद्दाम बिघडवायचा म्हणून वर्कशॉपवाला कुरकुरतोय. मी सही करून टाकली. रिपोर्टवर पहिलं नाव कुणाचं, ते अजून ठरायचंय. माझं असावं असं मला वाटतं.