अंगचट

कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझला (आपल्या लोकलच्या वाटेवरचं नव्हे) सर्फिंगच्या दुकानात वेटसूट हँगरला लोंबकळत असतो, तेव्हा त्याच्याइतका गरीब कुणी नसेल असं वाटतं. काळा, लुळा, गुडघ्यांना जाड ठिगळं. अंगात घालायला घेतला की मग गडी कळतो. आधी टाचेवर अडतो, मग पोटरीवर ठाण मांडतो. जाणकार पावलाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून त्याला गुमान सरकवतात आणि नखं लांब ठेवतात, कारण नख रुतलं की चंद्रकोरीसारखी चीर पडलीच. बोटांच्या पेरांनी चिमटीचिमटीनं वर घ्यायचा. चेन बहुतेकदा पाठीवर येते. जॅकेटच्या सवयीनं ती पुढे घेणारा एखादा नवखा ट्रायल रूममध्ये हमखास घामाघूम झालेला असतो.

सलगी एवढी, पण ती हवीच. कमरेच्या खळग्यात किंवा काखेत हा जरा सुटला, की दर लाटेला तिथून गार पाणी आत आणि आतलं कोमट बाहेर. थोडं पाणी तो मुळात आत येऊ देतोच. बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला नेमकं हेच ताडलं: अंग कोरडं राहिलंच पाहिजे असं नाही, ऊब राहिली म्हणजे झालं. ती राखतात निओप्रीनमधले वायूचे बारीक बुडबुडे. म्हणून रंग आणि कंपनी नंतर बघा. आधी दोन्ही हात वर करा, उकिडवे बसा. खांदे ओढले गेले तर लहान, पाठीवर चुण्या पडल्या तर मोठा. दुकानात किंचित जास्त आवळतो तोच घ्यावा. पाण्यात तो सैलावतो.

सर्फिंगवाल्यांसाठी वेटसूट बनवणारे जॅक ओ'नील यांनी १९५२ साली सॅन फ्रान्सिस्कोत सर्फिंगचं दुकान काढलं, पुढे बिऱ्हाड सांताक्रूझला हलवलं. तिथलं पाणी भर उन्हाळ्यातही १५ अंशांच्या आसपास, म्हणून ४/३ चा सूट चालतो: धडाला ४ मिलिमीटर, हातापायांना ३. तारकर्लीच्या कोमट पाण्यात तोच घालून उतरलात तर उकडून निघाल. तिथं पातळ पुरे, तोही थंडीपेक्षा खडकाच्या खरचटण्यापासून आणि जेलीफिशपासून वाचायला.

खोल पाण्यात मात्र याचा रुबाब उतरतो. दाबानं बुडबुडे चेपतात, हा पातळ होतो, ऊब कमी. वर आलात की पुन्हा फुगतो आणि तुम्हाला तरंगवू पाहतो. पाणबुडे कमरेला शिसं बांधतात ते बरंचसं याच्यासाठीच. इंग्लिश खाडी रीतसर पोहून जाणाऱ्यांच्या नियमांत त्याला थारा नाही तो याच उपकारांपायी. साधा पोहण्याचा पोशाख, टोपी, गॉगल, अंगाला ग्रीस, बस. ज्याला ऊब आणि तरंगणं दोन्ही देता येतं, त्याला त्या लोकांनी सोबतच्या नावेत तरी बसवून न्यावं असं मला वाटतं. पोहणारा बाहेर आला की कुणीतरी अंगाला चिकटायला हवंच.