एनी क्वेश्चन्स?

मीटिंग संपत आली की मॅनेजर हमखास विचारतो, ‘एनी क्वेश्चन्स?’ आणि अख्खी कॉन्फरन्स रूम गप्प! कुणी पेनाशी चाळा करतं, कुणी मोबाइलमध्ये डोकं घालतं. प्रश्न नसतात असं नाही. पाच मिनिटांनी कॉफी मशीनपाशी तेच प्रश्न धडाधड बाहेर येतात. तुमच्याही ऑफिसात हेच चालतं ना?

मला विचाराल तर याचं मूळ शाळेत आहे. मी पुणे-सातारा हायवेवरच्या कामथडीची. भोर तालुका म्हणजे भाताचा मुलूख. लावणीच्या दिवसांत खाचरात उभं राहून आम्ही पोरं आजोबांचं डोकं खायचो. रोप किती दिवसांचं घ्यायचं? पाणी किती ठेवायचं? तिथे कुणी ‘गप बस’ म्हणायचं नाही, कारण न विचारता काम केलं तर नुकसान घरचंच. शाळेत मात्र प्रश्न यायचे ते छापील. आपण फक्त उत्तर लिहायचं. मार्क झकास पडले! मग अकरावी सायन्सला ‘अपवर्तना’चं रातोरात ‘रिफ्रॅक्शन’ झालं, आणि भरल्या वर्गात हात वर करून ‘सर, हे तेच का?’ एवढं विचारायला मला सहा महिने लागले.

बोलायला शिकवायची सोयच नाही, असंही नाही. दहावीला भाषांच्या तोंडी परीक्षेला २० गुण असतात. आमच्या वेळी त्यातले प्रश्नही आधीच ठाऊक असायचे, ते सोडा. २०१८ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ ला नवा अभ्यासक्रम आला, हे गुण गेले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्याच वर्षी गुण परत! माझ्या आसपास चर्चा झाली ती टक्क्यांची. मुलं बोलतात का, हे राहिलंच. २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी झाली. आवड कशात, ते कागदावर कळायचं. पण त्या क्षेत्रातली माणसं दिवसभर नेमकं करतात काय, हे विचारायचं कुणाला?

हे सगळं डोक्यात आलं ते माझ्या मावसबहिणीमुळे. ती यंदा दहावीला आहे. परवा फोनवर म्हणाली, ‘ताई, आयटीत जायला किती टक्के लागतात गं?’

म्हटलं, ‘टक्के राहू देत. तू आधी मला माझ्या कामाबद्दल दहा प्रश्न विचार.’

बराच वेळ शांतता. मग हळूच, ‘तुला आवडतं का ते काम?’

खरं सांगू? इंटरव्ह्यूच्या कुठल्याच राउंडला मला इतका अवघड प्रश्न आला नव्हता. उरलेले नऊ घेऊन बाईसाहेब दिवाळीत पुण्याला येतायत. मी आत्तापासून तयारीला लागलेय!