सावली असेतो

कीन वंडर खाणीकडे चढायचं तर ते सकाळीच. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीच्या पूर्वेला फ्यूनरल डोंगररांग आहे आणि खाणीची वाट तिच्या पश्चिम उतारावर. सूर्य उगवला तरी पहिले काही तास तो रांगेच्या पाठीमागेच असतो. समोरच्या पॅनामिंट रांगेतलं टेलिस्कोप शिखर, ३,३६६ मीटर उंच, फेब्रुवारीत माथ्यावरच्या बर्फासकट लख्ख उजळतं, मग खालचा मिठाचा पांढरा पट्टा उजळतो, आणि चढणारी मी अजून सावलीतच असते. दुपारनंतर हाच उतार सूर्याच्या समोर येतो, आणि मग मावळेपर्यंत आडोसा नाही. नकाशावर अंतर लिहिलेलं असतं, चढ लिहिलेला असतो. उताराचं तोंड कुठल्या दिशेला आहे हे आपण वाचून घ्यायचं असतं. रोज भटकणाऱ्या माणसालाही हे वाचन मुद्दाम शिकावं लागतं, मला लागलं.

फेब्रुवारीतलं ऊन तसं सोसण्याजोगं, वीस-बावीस अंशांचं. पण याच दरीत, फर्नेस क्रीकला, १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. मी उन्हाळ्यात इथे पाऊल टाकत नाही. तरीही हिवाळ्यात सावलीचा हिशेब जुलैइतकाच काटेकोर ठेवते, कारण ऋतू पाहून ढिली पडणारी सवय ऐनवेळी उपयोगाला येत नाही.

वाट लहान आहे. गाडी ठेवतो तिथून खाणीच्या जुन्या दोरीवरच्या ट्रामच्या वरच्या स्टेशनपर्यंत जेमतेम सव्वादोन किलोमीटर, चढ सुमारे ४५० मीटर. सिंहगड नेमाने चढणाऱ्यांना हा आकडा किरकोळ वाटेल, आणि पायांपुरतं बोलायचं तर तो किरकोळच आहे. मी चालायला शिकले सह्याद्रीत, ग्रुपबरोबर. तिथे वाट चुकली तरी कुठून तरी गुरांच्या गळ्यातली घंटा ऐकू येते, धनगरवाडा लागतो, कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे करतं. गडावर कातळात खोदलेली टाकी असतात. इथे ओढे नकाशावर निळे आणि जमिनीवर कोरडे. वर्षाकाठी पाऊस पाच-सहा सेंटीमीटर. मोबाइलला रेंज नाही. एकटीने निघायचं म्हणजे ग्रुपमध्ये जी कामं सात-आठ जणांत आपोआप वाटली जात, ती सगळी आपण एकटीने, आणि बहुतेक निघण्याआधीच, करून ठेवायची.

साताऱ्याहून आई फोनवर विचारते, "सोबत कोण आहे गं?"

"कुणी नाही, आई."

"मग तुझं कळणार कसं आम्हाला?"

ती हा प्रश्न काळजीने विचारते, पण एकट्याच्या भटकंतीत याहून नेमका प्रश्न नाही. त्याचं उत्तर माझ्या घरच्या फ्रिजवर लावलेल्या कागदावर असतं: कुठली गाडी, कुठे उभी, कुठली वाट, किती वाजता उलटं फिरणार, किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर डेथ व्हॅली नॅशनल पार्कच्या लोकांना फोन करायचा. त्या कागदावर नसलेल्या घळीत मी शिरत नाही. घळ कितीही सुंदर असली तरी नाही. पाठपिशवीत उपग्रहावरून निरोप धाडणारं यंत्र असतं, पण त्याच्यावर मी कागदाएवढा भरवसा टाकत नाही. यंत्र चालू करायला माणूस शुद्धीवर लागतो.

पाणी चार लिटर, म्हणजे पाठीवर चार किलो. दोन वेगळ्या पिशव्यांत, कारण एक फुटू शकते. शिवाय गाडीत वेगळं. या हवेत घाम येतो ते कळतच नाही. यायच्या आत उडून जातो. कोकणातल्या चढावर सदरा चिंब होतो आणि शरीर आपणहून सांगतं की आता पी. इथे कपाळ कोरडं असतं. बोट फिरवलं की मिठाचा खरखरीत थर लागतो, तेव्हा समजतं की अंगातलं बरंच पाणी गेलेलं आहे. म्हणून मी तहानेची वाट न पाहता घड्याळ पाहून पिते आणि सोबत काहीतरी खारट खाते.

घड्याळाचं दुसरं काम अंतर मोजायचं. कोरड्या, निखळ हवेत डोळे फसतात. सह्याद्रीत मागची रांग निळसर, त्यामागची आणखी फिकी, अशी धुक्या-धुळीमुळे अंतरं उलगडत जातात. इथे दोन किलोमीटरवरचा मनोरा आणि दोनशे मीटरवरचा दगड सारख्याच रेखीव दिसतात, आणि उंचीचा अंदाज घ्यायला मध्ये एक झाड नाही. असलीच तर क्रिओसोटची विरळ झुडपं आणि राखाडी पानांची डेझर्ट होली. "आता आलंच" असं मनात आलं की मी मनावर विश्वास ठेवत नाही. वीस मिनिटं चालून किती चढले ते पाहते.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, एवढ्या बंधनात भटकण्याचा आनंद तो काय? माझा अनुभव असा, की खालीच हे ठरलेलं असल्यामुळे वर गेल्यावर डोकं मोकळं राहतं. जावं की परतावं, ही घासाघीस चढावर करायची नसते. मग नुसतं बघता येतं. आणि या वाटेवर बघण्यासारखं फार आहे.

पायाखाली अभ्रकाचे पापुद्रे चकाकतात. वाट म्हणजे सुटी खडी; पाऊल टाकून क्षणभर थांबायचं, दगड सरकतो का ते पाहायचं, मगच वजन द्यायचं. डोक्यावरून ट्रामची जाड पोलादी दोरी जाते आणि उतारावर ठिकठिकाणी तिचे लाकडी मनोरे उभे आहेत. १९०३-०४च्या सुमारास जॅक कीन आणि डोमिंगो एचारेन या डोंगरात चांदी शोधत होते. हाती लागलं सोनं. बातमी फुटली, गर्दी आली. १९०४च्या ऑगस्टमध्ये पलीकडे नेवाडात बुलफ्रॉगचं सोनं सापडलं आणि गर्दीतली बरीच माणसं तिकडे वळली. इथे उरलेल्यांपुढे प्रश्न होता तो असा: सोन्याचा खडक उभ्या डोंगरात, आणि तो दळायची गिरणी खाली पायथ्याशी. मध्ये रस्ता काढता येणार नाही असा कडा. त्यांनी सुमारे दीड किलोमीटर लांबीची ट्राम बांधली. भरलेल्या बादल्या आपल्या वजनाने खाली येत आणि त्याच ओढीने रिकाम्या बादल्या वर जात. इंजिनाचं काम उताराने केलं. रिकाम्या बादल्यांतून लाकूडफाटा आणि सामान वर जाई.

खाली गिरणीत वीस स्टॅम्प होते. स्टॅम्प म्हणजे लोखंडी मुसळच, एकामागून एक उचलून आपटणारं. खडकाचं पीठ पाण्यात कालवून पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून सोडत, सोनं पाऱ्याला चिकटे. जे निसटे ते पुढे सायनाइडने पकडत. गिरणीच्या जागी अजून पिवळट मातीचे ढीग आहेत. त्या मातीवर मी बसत नाही, पाठपिशवी ठेवत नाही आणि तिथे डबा उघडत नाही. पारा आणि शिसं शंभर वर्षांत कुठे जात नाही.

अशा दरीत पाण्यावर चालणारी गिरणी काढायची, हे धाडस मला दर वेळी थक्क करतं. पाण्याची टंचाई त्यांच्या पाचवीलाच पुजलेली होती. या दरीत त्यांच्याआधी पिढ्यान् पिढ्या राहिलेले टिंबिशा शोशोनी लोक उन्हाळ्यात सरळ उंच डोंगरात राहायला जात आणि थंडीत खाली येत. खाणीत कामाला आलेल्यांना असं ऋतू पाहून हलता येत नव्हतं. १९१२च्या सुमारास खाणीतला कस संपत आला. पुढे कुणी ना कुणी पुन्हा खटपट करत राहिलं, पण मोठा काळ तोच.

मधल्या वळणावर मला एकदा काचेचा तुकडा दिसला, जांभळा, वांगी रंगाकडे झुकणारा. मी उकिडवी बसून बराच वेळ पाहत राहिले. मुळात ती साधी पांढरी बाटली. काचेतल्या लोहामुळे येणारी हिरवट झाक घालवायला त्या काळी मँगनीज घालत, आणि वर्षानुवर्षं ऊन खाऊन मँगनीजची काच जांभळी होते. तुकड्याची वरची बाजू गडद होती. कड मी ओल्या बोटाने पुसली, उचलला मात्र नाही. इथली जुनी वस्तू हलवायला कायद्याने बंदी आहे, आणि बंदी नसती तरी ती ऊन खायला तिथेच असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

वरचं ट्राम स्टेशन म्हणजे भल्यामोठ्या तुळयांचा सांगाडा आणि त्यात दोरी फिरवणारं अजस्र चाक. मोडकळीला आलेली बांधकामं आणि उघडी भगदाडं यांमुळे पार्कने २००८मध्ये हा सगळा परिसर बंद केला होता. डागडुजी करून २०१७च्या नोव्हेंबरात पुन्हा खुला केला. आता बऱ्याच तोंडांवर आडव्या गजांची दारं आहेत. गजांमधलं अंतर वटवाघळांना ये-जा करता येईल असं ठेवलेलं असतं. माणसांनी सोडलेल्या खाणी ही वटवाघळांची घरं झाली आहेत, आणि हिवाळ्यात त्यांची झोप मोडली तर साठवलेली चरबी उडून ती उपासमारीने मरू शकतात.

जिथे दार नाही तिथेही मी तोंडाच्या बाहेरच थांबते. लख्ख उन्हातून आलेल्या डोळ्यांना आतलं काही दिसत नाही, आणि आतल्या जमिनीतच खाली उतरलेली विहिरीसारखी विवरं असतात, कधी कुजक्या फळ्यांनी झाकलेली, फळ्यांवर धूळ. कुजणारं लाकूड आणि गंजणारा खडक प्राणवायू खात असतात. त्या हवेला वास नसतो. माणूस दमल्यासारखा बसतो आणि उठत नाही. सोबत कुणी असेल तर ते वाचवायला आत जातं, आणि मग दोघं जातात. बाहेर, दगडावर बसून तोंडाशी येणारी हवा गालावर घ्यायची, ती हिवाळ्यात उबदार लागते. छिन्नीच्या खुणा पाहायच्या. आतल्या अंधाराच्या कडेला ढाळलेला खडकाचा ढीग पाहून किती माणसांनी किती दिवस उपसला असेल याचा अंदाज बांधायचा. अर्धा तास सहज जातो. मला आणखी आत काही हवं असं वाटत नाही.

साडेदहा ही माझी उलटं फिरण्याची वेळ. तोवर रांगेच्या माथ्यावरून ऊन खाली सरकलेलं असतं. उतरणं चढण्यापेक्षा हळू होतं. सुट्या खडीवर घोटा मुरगळतो तो उतरतानाच, आणि गाडी दिसू लागल्यावरच. शेवटच्या टप्प्यात मी मुद्दाम दोनदा बसते, पाणी पिते.

स्टेशनच्या मागे डोंगरात आणखी आत बिग बेल नावाची दुसरी खाण आहे. तिकडची वाट पुसट आहे, कडेने घसाऱ्याची, आणि दिवसाचा बराच भाग उन्हात जाणार. मला ती फार दिवस खुणावते आहे. ती वाट दोघांची आहे. नेवाडातल्या एका मैत्रिणीला विचारून ठेवलं आहे. तिचे गुडघे बरे असले तर पुढच्या डिसेंबरात जाऊ.