तीन नाट्यगृहे आणि पत्रांची एक पेटी

प्रिय स्नेही यांस,


ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावरील तीन शहरांत जी नाट्यगृहे सर्वांच्या परिचयाची आहेत, त्यांना दिलेली तिन्ही नावे कवींची आहेत, ही गोष्ट तेथे नियमाने जाणाऱ्या प्रेक्षकांच्याही सहसा ध्यानात येत नाही. ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठी १९७८ साली उभे राहिलेले रंगायतन राम गणेश गडकरी यांच्या नावाचे आहे आणि गडकरी हे नाटककार तसेच ‘गोविंदाग्रज’ या नावाने लिहिणारे कवीही होते. कल्याणचे रंगमंदिर प्रल्हाद केशव अत्रे यांच्या नावाचे आहे, ज्यांनी ‘केशवकुमार’ या नावाने ‘झेंडूची फुले’ हा विडंबनकवितांचा संग्रह लिहिला. आणि डोंबिवलीचे नाट्यगृह सावित्रीबाई फुले यांच्या नावाचे आहे, ज्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ साली, म्हणजे कल्याणपर्यंत आगगाडी येऊन पोहोचली त्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. या तिघांची पुस्तके वाचनालयांत मिळतात. नाटकाविषयी आणि लेखनाविषयी ते आपल्या माणसांशी जे बोलले आणि जे पत्रांतून लिहिले, त्यातले मात्र फारच थोडे शिल्लक आहे. आपल्या डोंबिवलीच्या काकांच्या पत्रांच्या पेटीविषयी आपण जो प्रश्न विचारला आहे, त्याचे उत्तर या हानीकडे पाहूनच द्यावे लागते. नव्वदीकडे झुकलेल्या एका कवीने अर्धशतकभर नाटकवेड्या मित्रांशी केलेला पत्रव्यवहार जपण्याजोगा आहे काय, तर निःसंशय आहे, मग तो कवी प्रसिद्ध असो वा नसो.

मराठी रंगभूमीचे शास्त्र ग्रंथांत जेवढे लिहिले गेले, त्याहून कितीतरी अधिक ते वडीलधाऱ्या लेखकाने धाकट्याला बोलून सांगितले, तालमीत बसवून दाखवले किंवा पत्राने कळवले, असे येथील नाट्यपरंपरा पाहता म्हणावे लागते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे विदर्भात वकिली करीत, कविता, विनोदी लेख आणि नाटके लिहीत. गडकरी त्यांना गुरू मानीत. आणि अत्रे गडकऱ्यांना गुरू मानीत. तीन पिढ्यांच्या या साखळीत कोणतीही शाळा नव्हती, अभ्यासक्रम नव्हता. विनोद कोठे थांबवावा, स्वगत, म्हणजे पात्राने स्वतःशीच केलेले भाषण, किती लांबवावे, पदाची जागा कोणती, हे ज्ञान बैठकीतून आणि टपालातून पुढे गेले. पुस्तकात उतरलेले टिकले. बैठकीत बोललेले ऐकणाऱ्याच्या आठवणीपुरते उरले.

गडकऱ्यांच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते, कारण वार्धक्य त्यांच्या वाट्याला आलेच नाही. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांचे वय अवघे तेहतीस वर्षांचे होते. ‘एकच प्याला’ त्यानंतर रंगभूमीवर आले, आणि त्या नाटकातील पदे कवी असलेल्या नाटककाराच्या हातून लिहून झाली नसल्यामुळे ती विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली. ‘राजसंन्यास’ तर अपुरेच राहिले. ज्या लेखकाने आपले सर्वांत गाजलेले नाटक रंगमंचावर पाहिले नाही, त्याला प्रयोगानंतर काय वाटले असते, नायक सुधाकर याच्या अधःपतनाचा वेग प्रेक्षकांसमोर त्याने कमी केला असता की वाढवला असता, त्याची पत्नी सिंधू हिच्या तोंडची भाषा त्याने तशीच ठेवली असती काय, या प्रश्नांना आता कोणताही कागद उत्तर देऊ शकत नाही. मराठी नाट्यसमीक्षेचे हे खरोखरचे नुकसान आहे आणि ते भरून येणारे नाही.

अत्र्यांचे आयुष्य याच्या अगदी उलट होते. त्यांना सत्तर वर्षांचे भरघोस आयुष्य लाभले (१८९८ ते १९६९), ते अखंड बोलले, अखंड लिहीत राहिले आणि साठी ओलांडल्यावर त्यांनी ‘कऱ्हेचे पाणी’ या आत्मचरित्राचे खंड लिहायला घेतले, ज्यांचा पहिला खंड १९६३ साली निघाला. पुण्यातील विद्यार्थिदशेत लाभलेला गडकऱ्यांचा सहवास अत्र्यांनी अशा वयात लेखणीतून उभा केला, जेव्हा त्या सहवासाला चार दशकांहून अधिक काळ लोटला होता आणि गडकऱ्यांच्या मृत्यूच्या वयाच्या जवळजवळ दुप्पट वय शिष्याचे झाले होते. म्हणून अत्र्यांच्या लेखनात दिसणारे गडकरी हे दोन काळांचे मिळून झालेले आहेत. विशीच्या उंबरठ्यावरील मुलाने ऐकलेले शब्द त्यांत आहेत, आणि ‘साष्टांग नमस्कार’ (१९३३) पासून ‘तो मी नव्हेच’ (१९६२) पर्यंत रंगभूमी स्वतः पचवलेल्या नाटककाराची समजही त्यांत मिसळलेली आहे. यामुळे त्या आठवणींचे मोल कमी होत नाही. पण त्या वाचताना गडकरी कोठे संपतात आणि अत्रे कोठे सुरू होतात, हे ओळखण्याची जबाबदारी वाचकावर येते. गुरूची अलंकारांनी लगडलेली, एका दमात न संपणारी वाक्यरचना शिष्याने आपल्या नाटकांत घेतली नाही. न्यायालयात घडणाऱ्या ‘तो मी नव्हेच’ची भाषा उलटतपासणीची, तुटक आणि रोखठोक आहे. गुरूकडून अत्र्यांनी शैलीपेक्षा प्रेक्षकांची नाडी उचलली असावी, असे या दोन नाटककारांना शेजारी ठेवून वाचल्यावर वाटते. हा तर्क तपासून पाहायला गडकऱ्यांची त्या बैठकींविषयीची चार पत्रे हाती असती, तर तर्काची गरजच उरली नसती.

वृद्ध कवीचे संभाषण काळजीपूर्वक टिपले गेले, असे जगातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जर्मनीतील वायमार येथील आहे. महाकवी गटे (१७४९ ते १८३२) यांच्याकडे १८२३ साली एकरमान नावाचा तरुण लेखक आला, कवीच्या मृत्यूपर्यंतची नऊ वर्षे त्यांच्या सहवासात राहिला आणि त्या संभाषणांचे दोन खंड त्याने १८३६ साली व तिसरा १८४८ साली प्रसिद्ध केला. गटे यांनी वायमारच्या राजदरबाराचे नाट्यगृह १७९१ पासून १८१७ पर्यंत चालवले होते, आणि शिकवलेल्या कुत्र्याला घेऊन केलेला खेळ आपल्या रंगमंचावर होऊ देण्यावरून उद्भवलेल्या वादानंतर ते पद सोडले होते. त्यामुळे त्यांच्या म्हातारपणीच्या नाट्यविषयक बोलण्याला कोरड्या सिद्धांताचे नव्हे, तर नट, तालीम, पैसा आणि प्रेक्षक यांच्याशी केलेल्या झटापटीचे वजन आहे. तरीही एकरमानने प्रत्येक शब्द समोर बसून उतरवलेला नव्हता; टिपणे आणि स्मरण यांतून त्याने संभाषणे पुन्हा रचली आणि तिसऱ्या खंडात तर सोरे या दुसऱ्या परिचिताच्या टिपणांचाही आधार घेतला. हे माहीत असल्यामुळेच अभ्यासक ते पुस्तक योग्य अंतर ठेवून वापरू शकतात. आपल्या काकांच्या बाबतीतही हीच दक्षता हवी.

याच गटे यांच्या ‘फाउस्ट’ला नाटक मंडळीचा चालक, कवी आणि विदूषक यांच्या संवादाची एक प्रस्तावना जोडलेली आहे, आणि ती सुचण्यामागे कालिदासाच्या ‘शाकुंतला’चा १७९१ सालचा जर्मन अनुवाद असावा, असे अभ्यासक मानतात. नाटक विकायचे आहे, लिहायचे आहे आणि लोकांना हसवायचेही आहे, या तिन्ही गरजा तेथे भांडतात. काकांच्या पत्रांतही हेच भांडण चालू आहे, असे आपण पाठवलेल्या नकलांवरून दिसते.

डोंबिवलीच्या नाट्यगृहाला ज्यांचे नाव आहे, त्या सावित्रीबाईंची पती जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रे उपलब्ध आहेत, १८५६, १८६८ आणि १८७७ या वर्षांची. त्यांत नाटकाचा विषय नाही. परंतु प्रत्येक पत्रावर दिवस आहे, गाव आहे, आणि त्यामुळेच सुमारे दीड शतकानंतरही ती इतिहासाला आधार म्हणून उभी राहतात. फुले यांच्याच घरातले दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. जोतिरावांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे, म्हणजे ग्रंथलेखनास पारितोषिके देणाऱ्या त्या काळच्या समितीकडे पाठवले. तिने ते नाकारले. आणि कुणबी दांपत्याची जोशीबुवाकडून होणारी फसवणूक, तीवर भाष्य करणारा विदूषक, हा सारा ऐवज छापून वाचकांच्या हाती आला तो १९७९ साली. मधल्या काळात ते हस्तलिखित कोणी अडगळ समजून जाळले असते, तर मराठी नाटकाच्या प्रारंभाची आजची मांडणीच वेगळी झाली असती.

पत्रे लावण्याचे काम दिसते तेवढे अवघड नाही, मात्र घाईने करण्याचेही नाही. आपण ज्या पोस्टकार्डाची नक्कल पाठवली आहे, त्यावर ‘नटसम्राट’च्या प्रयोगाविषयी बारीक अक्षरात मजकूर आहे, समासातही उभ्या ओळी भरल्या आहेत आणि तारीख घातलेली नाही. वि. वा. शिरवाडकर यांचे हे नाटक डिसेंबर १९७० मध्ये प्रथम रंगभूमीवर आले, म्हणून कार्ड त्यापूर्वीचे नाही. पत्त्यात डोंबिवलीचा ४२१२०१ हा पिन क्रमांक आहे आणि पिन क्रमांकाची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, म्हणून ते त्यानंतरचे आहे. टपाल कचेरीचा शिक्का भिंगाखाली धरला तर बहुधा वर्षही वाचता येईल. ज्या पत्रांत ‘नाटकें’, ‘झालें’ असे अनुस्वार आहेत, ती मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे नियम ठरवण्यापूर्वीची असू शकतील. परंतु जुन्या वळणाचे अनेक लेखक नंतरही तसेच लिहीत राहिले, म्हणून केवळ तेवढ्यावर विसंबू नये. पत्रात गडकरी रंगायतनाचा उल्लेख आला तर ते १९७८च्या आधीचे सहसा नसणार, आणि ‘कल्याण-डोंबिवली महानगरपालिका’ हे शब्द आले तर १९८३च्या आधीचे नव्हे. पाकिटे फेकू नयेत, टाचण्या काढाव्यात, कारण त्या गंजून कागद खातात, आणि पत्रावर शाईने काहीही लिहू नये.

काका आज जे तोंडाने सांगत आहेत, ते पत्रांत मिसळता कामा नये. त्यांचे बोलणे वेगळ्या वहीत, बोलल्याच्या दिवसाची तारीख घालून, त्यांच्याच शब्दांत उतरवावे. एखादी आठवण आणि पत्रातला मजकूर जुळत नसेल तर दोन्ही तसेच ठेवावेत. पन्नास वर्षांपूर्वी ज्या नटावर त्यांनी पत्रात कडक टीका केली, त्याच्याविषयी ते आज आदराने बोलत असतील, तर तो बदल हाच अभ्यासाचा विषय आहे. प्रकाशनाचा विचार मनात असेल तर एक कायदेशीर बाबही पाळावी लागेल: पत्राचा कागद ज्याला ते आले त्याचा असतो, पण मजकुराचा स्वामित्वहक्क लिहिणाऱ्याकडे आणि त्याच्या पश्चात साठ वर्षांपर्यंत त्याच्या वारसांकडे राहतो. म्हणून काकांना आलेली पत्रे छापण्याआधी त्या त्या घरांची संमती घ्यावी, आणि काकांनी इतरांना लिहिलेली पत्रेही त्याच घरांतून मागवून घ्यावीत, म्हणजे संवादाच्या दोन्ही बाजू एकत्र येतील.

हा ठेवा ठेवण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे आहे, आणि ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १ जून १८९३ रोजी स्थापन झाले, ज्याच्या उभारणीत ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांचा वाटा होता; तेथे दोलामुद्रिते, म्हणजे मराठी छपाईच्या बाल्यावस्थेतील दुर्मीळ पुस्तके, जपलेली आहेत. ज्या संस्थांनी एवढा जुना कागद सांभाळला आहे, त्यांच्याशी काकांच्या हयातीतच, त्यांच्या संमतीने आणि सहीने बोलणे व्हावे, कारण कोणते पत्र उघडे करायचे आणि कोणते काही वर्षे मिटलेले ठेवायचे, हा निर्णय त्यांचाच आहे. येत्या रविवारी पेटी उघडावी, काकांना शेजारी बसवावे, प्रत्येक पत्र कोणाचे आणि कोणत्या नाटकाविषयीचे एवढेच त्यांना विचारून यादी करावी, आणि त्या यादीची एक प्रत इकडे अवश्य पाठवावी.